आवाज बंद, चेहरा चालू

काकूंना ऑफिसात काकू हे नाव पडलं तेव्हा त्या जेमतेम चाळिशीच्या होत्या, आणि नाव पाडणारा माणूस वयाने त्यांच्याहून मोठा होता. त्यांनी एकदाच हरकत घेतली. "मी तुमची काकू कशी?" तो म्हणाला, "कशी ते माहीत नाही, पण आहात." तिथे विषय संपला. आता पन्नाशी आली, पाठ दुखायला लागली आणि नाव हळूहळू अंगाला बसलं.

त्यांची कंपनी लिफ्टचे सुटे भाग पुरवते. एखाद्या इमारतीत लिफ्ट बंद पडते, मेकॅनिक दार उघडून आत डोकावतो, तुटलेल्या भागाचा फोटो काढतो आणि पाठवतो. फोटोत ग्रीस, अंधार आणि मेकॅनिकचा अंगठा यांशिवाय फारसं काही दिसत नाही. त्यावरून तो भाग कोणता हे ओळखायचं आणि खालच्या मजल्यावरच्या गोदामाला कळवायचं, एवढंच काकूंच्या टेबलाचं काम. ओळख चुकली तर मेकॅनिक चुकीचा भाग घेऊन परत येतो आणि तोवर लोक जिने चढतात. टेबलावर सहा-सात माणसं. काकू त्यांच्या प्रमुख, म्हणजे साहेबांची बोलणी आधी त्यांनी खायची आणि मग वाटून द्यायची.

या माणसांत एक भिंगरी. हे नावही ऑफिसचंच, पण ते तिने स्वतःच मान्य करून टाकलं होतं. "बरोबर आहे," ती म्हणायची, "फक्त फिरवणारा कोण ते सापडत नाही." फोटो ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण शेजारचा फोन वाजला की तो तिच्या डोक्यात वाजायचा. छपाई यंत्रातून कागद आणायला उठायची आणि वाटेत भेटलेल्या कोणाची तरी अडचण घेऊन परत यायची, कागद तिथेच. तिच्या टेबलावर अर्ध्या प्यायलेल्या चहाचे कप असे साठायचे की भांडी घासणारी बाई म्हणाली, "ताई, पूर्ण पीत जा नाहीतर अर्धाच मागत जा."

मग सगळ्यांना घरून काम करायला सांगण्याचा काळ आला. काकूंना वाटलं, भिंगरीचं सोनं झालं. घरात एकटी, ना फोन ना गोंगाट. आठवडाभराने भिंगरीचाच फोन आला. आवाज रडवेला नव्हता, नुसता दमलेला होता.

"काकू, मी सकाळपासून खुर्चीत बसलेय. मी कामाकडे बघतेय, काम माझ्याकडे बघतंय. पहिलं पाऊल कोणीच टाकत नाहीये."

"अगं, एक फोटो उघड नुसता."

"उघडलाय. तीनदा उघडलाय."

त्याच सुमारास, तिशी उलटल्यावर, डॉक्टरांनी तिला सांगितलं की याला नाव आहे. एडीएचडी. हा आळस नाही, वळण नसणंही नाही. लक्षाचा लगाम हातात राहत नाही, एवढंच. गोंगाटात ते उधळतं आणि अगदी शांततेत ते जागचं हलत नाही. अशा काही लोकांना समोर दुसरं माणूस आपापलं काम करत बसलेलं असलं की सुरुवात करता येते, असंही ते म्हणाले. बोलायला नको, लक्ष ठेवायला नको. नुसतं असलं पाहिजे.

"मग मला लाव समोर," काकू म्हणाल्या. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हे पंधरा-वीस दिवसांचं काम आहे.

तिथून ती खिडकी सुरू झाली. सकाळी कामाच्या वेळी दोघी व्हिडिओ कॉल लावायच्या, आवाज बंद, चेहरा चालू. काकू आपल्या जेवणाच्या टेबलावर, भिंगरी आपल्या खोलीत. कोणी कोणाकडे बघत नसे. कॉल लावला की काही मिनिटांत भिंगरीची मान खाली जायची आणि फोटो भराभर ओळखले जायचे. ऑफिस पुन्हा उघडलं, काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घर अशी सर्वांचीच विभागणी झाली. त्या वेळच्या साहेबांनी भिंगरीला जवळजवळ पूर्ण वेळ घरून काम करायची तोंडी मुभा दिली. खिडकी मात्र चालूच राहिली. ऑफिसच्या दिवशी काकूंचा फोन चिकटपट्टीच्या स्टँडला टेकून उभा असे आणि त्यात भिंगरीचं कपाळ दिसे.

अशा व्यवस्थेचा खर्च कोणाच्या तरी अंगावर पडतोच. कॅमेऱ्यासमोर दिवसभर बसलेल्या माणसाला जांभई देता येत नाही. नाक शिंकरायचं तर बाजूला सरकावं लागतं, आणि सरकलं की पलीकडची मान वर होते. काकूंचे यजमान शहर बससेवेत चालक. पहाटेची पाळी संपवून दुपारी घरी येत, शर्ट काढत आणि बनियनवर पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे जात. वाट नेमकी काकूंच्या खुर्चीमागून. परक्या बाईच्या पडद्यावर आपण बनियनमध्ये दिसू नये म्हणून ते रांगत जायचे.

"अख्खं शहर मला वाट देतं," ते म्हणायचे, "आणि स्वतःच्या घरात मी रांगतो."

"हळू बोला."

"आवाज बंद आहे ना?"

"माझा चेहरा चालू आहे. मला हसू येतं."

सुरुवातीला खरंच हसू यायचं. पुढे ते कमी होत गेलं.

या वर्षी साहेब बदलले. नवे साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर काकूंना सोपं गेलं असतं. वयाने लहान, बोलायला सभ्य, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंना आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं.

"मॅडम, या कर्मचारी घरूनच काम का करतात?"

काकूंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांचा कागद दाखवला. साहेबांनी तो नीट वाचला.

"म्हणजे त्यांना समोर माणूस लागतं?"

"हो."

"इथे चाळीस माणसं आहेत."

हा मुद्दा काकूंना अपेक्षित होता. "साहेब, तहान लागलेल्याला पाणी लागतं. म्हणून त्याला नदीत नाही ढकलत."

साहेब हसले, पण मनातला हिशेब काही सोडला नाही. ठरलं असं, की एक महिना भिंगरीचं घरून चाललेलं काम बारकाईने बघायचं. चुका वाढल्या नाहीत तर मुभा कागदावर येईल. वाढल्या तर बाकीच्यांसारखं ऑफिसात यायचं, त्याच लांब टेबलावर, फोनांच्या मध्ये. तसं झालं तर भिंगरी दोन महिन्यांत नोकरी सोडेल, हे काकूंना माहीत होतं. तिने मागची नोकरी अशीच सोडली होती.

आता खिडकी एक दिवसही बंद ठेवून चालणार नव्हतं. आणि नेमक्या याच महिन्यात काकूंच्या पाठीने हात टेकले. दुपारी तासभर आडवं पडा, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग होईल.

हे भिंगरीला सांगायला काय हरकत होती, असं कोणीही विचारेल. काकूंच्या यजमानांनीही विचारलं. पण 'दमले' हा शब्द स्वतःबद्दल वापरायची काकूंना सवय नव्हती. तो शब्द त्या फार तर पंख्याबद्दल वापरत. शिवाय त्यांना वाटलं, परीक्षेच्या तोंडावर पोरीच्या जिवाला आणखी घोर नको. इतक्या वर्षांत तिच्यासाठी ठरवायची सवय त्यांना अशी लागली होती की तिला विचारायचं राहून जातंय, हे ध्यानातच येत नव्हतं.

म्हणून त्यांनी एक उपाय काढला, आणि तो त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलाही नसता. एका सकाळी, घरच्या दिवशी, त्यांनी स्वतःचंच तासाभराचं चित्रण करून ठेवलं. निळा कुर्ता, खाली मान, मधूनच चष्मा वर सरकवणं. व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागे पुस्तकांचं खोटं कपाट कसं लावायचं, याचं प्रशिक्षण ऑफिसनेच दिलं होतं. कॅमेऱ्याऐवजी तयार चित्रफीत कशी लावायची तेही तिथेच ओझरतं दाखवलं होतं. ऑफिसच्या प्रशिक्षणातलं काही कधी उपयोगी पडेल, हे काकूंना खरं वाटलं नसतं.

घरच्या दिवशी सकाळी निळाच कुर्ता घालायचा. जेवणानंतर चित्रफीत चालू करायची आणि आत जाऊन पडायचं. तास संपला की ती आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायची. पहिल्या दुपारी काकूंना झोप लागली नाही. छताकडे बघत बाहेरच्या खोलीतल्या स्वतःचा विचार करत राहिल्या. ती बिचारी काम करत होती. दुसऱ्या दुपारी मात्र अशी गाढ झोप लागली की उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे कळेना.

"कोणाला कळणार आहे?" यजमान म्हणाले होते. ते चुकले, आणि चूक त्यांचीच होती. चित्रण केलं त्या दिवशी त्यांना पाळी नव्हती. चित्रण चालू असतानाच ते सवयीने तांब्या घेऊन खुर्चीमागून रांगत गेले होते. काकूंनी चित्रफीत पुन्हा तपासली नाही. तपासायला तास गेला असता, आणि तेवढा तास हाताशी असता तर चित्रण करायची वेळच आली नसती.

पुढच्या दिवसांत भिंगरीच्या हातून दोन चुका झाल्या. बारीकच होत्या, काकूंनी संध्याकाळी पाहिल्या आणि माल निघायच्या आत गोदामाला फोन करून दुरुस्त केल्या, भिंगरीलाही सांगितल्या. तिसरी त्यांच्या नजरेतून सुटली. एका उंच इमारतीच्या लिफ्टला दाराचा रोलर हवा होता, दुसऱ्याच बनावटीचा गेला. लिफ्ट आणखी दोन दिवस बंद राहिली. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांना डायलिसिससाठी नेणं भाग होतं. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं आणि परत चढवलं. आजोबांच्या मुलाने तक्रार केली. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं घडलं ते सांगितलं. तक्रार थेट साहेबांकडे गेली.

"मॅडम," साहेब म्हणाले, "महिना पुरा व्हायची गरज आहे का?"

"उद्यापर्यंत वेळ द्या," काकू म्हणाल्या. काय करायला हवं, हे त्यांना माहीत होतं. ते कसं करावं हे माहीत नव्हतं. त्यांनी जिन्यात जाऊन भिंगरीला फोन लावला.

भिंगरीने रोलरचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या आजोबांना आता बरं आहे?"

"आहे म्हणतात."

"माझी चूक आहे." आणि पुढे म्हणाली, "काकू, एक विचारू? काका बरे आहेत ना?"

"का गं?"

"दुपारी ते तांब्या घेऊन रांगत जातात. तासाभराने पुन्हा जातात, तोच तांब्या घेऊन. परत येताना कधी दिसत नाहीत. मला काळजी वाटायला लागली, स्वयंपाकघरात किती काका साठलेत."

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"म्हटलं, झोपल्या असतील. झोपू दे. इतकी वर्षं जागल्यात माझ्यासाठी." तिच्या आवाजात उपकाराची भाषा नव्हती, हवामान सांगावं तसं ती सांगत होती. "मी करून बघितलं चित्रफितीवर. नाही झालं. भिंतीवर पणजोबांचा फोटो असतो ना, तसं. पणजोबा असतात, पण असतात का? उरलेलं काम संध्याकाळी करायचे, डोकं बधिर झाल्यावर. त्यात रोलर गेला."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"हो. आणि मीही बोलायला हवं होतं. आता साहेबांशी मी बोलते."

"नको. मी सांभाळते. तू बोलायला लागलीस की गाडी कुठली कुठे जाते."

"जाऊ दे ना. गाडी माझीच आहे."

दुसऱ्या दिवशी भिंगरी ऑफिसात आली. आवाज अडवणारी मोठी कानझाकणं लावून, कोणाकडे न बघता सरळ काचेच्या खोलीत गेली. काकू बाहेर आपल्या खुर्चीत बसून राहिल्या. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आवाज बंद, चेहरा चालू. फरक इतकाच की या वेळी त्यांना कामात मान घालता येत नव्हती. भिंगरीचे हात हवेत फिरत होते. साहेब आधी मागे टेकून बसले होते, मग पुढे वाकले. दोनदा उठून आत जावं असं काकूंना वाटलं. पाठीने उठू दिलं नाही, किंवा त्यांनी पाठीचं ऐकलं. मग साहेबांनी बोटानेच त्यांना आत बोलावलं.

"मॅडम, चित्रफीत?"

काकूंनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने मान हलवली, म्हणजे हो, सगळं सांगितलं.

"हो साहेब," काकू म्हणाल्या.

"कामाच्या वेळेत झोप?"

"दुपारी. पाठीमुळे."

"साहेब, मुद्दा झोपेचा नाहीच," भिंगरी मध्येच म्हणाली. काकूंना वाटलं, माझ्यापुरता तोच आहे गं बाई. "खऱ्या काकू समोर असतात तेव्हा चूक नाही. चित्रफीत असते त्या दुपारच्या कामात तीन चुका. दोन त्यांनी दुरुस्त केल्या, एक राहिली. म्हणजे समोर जिवंत माणूस लागतं, हे आपोआपच सिद्ध झालं ना? ठरवून प्रयोग केला असता तरी इतका चांगला झाला नसता."

दुरुस्त केलेल्या दोन चुका साहेबांना तोवर माहीत नव्हत्या. काकूंनी डोळे मिटून घेतले. भिंगरीच्या बोलण्यात लबाडी नव्हती आणि दगाही नव्हता. हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तिने टेबलावर ठेवला होता. त्याखाली कोणाची बोटं सापडली, ते तिने पाहिलं नव्हतं.

साहेबांनी आपल्या पडद्यावर चुकांच्या आणि घरच्या दिवसांच्या तारखा लावून पाहिल्या. तारखा जुळत होत्या. कारणाला भुलणारा माणूस. कारण समोर आलं की त्याला नाकारता येत नसे.

"आणि ऑफिसच्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "अगदीच यायचं नाही असं नाही चालणार."

"येईन. पण वर नाही, खाली गोदामात बसेन. मामांना विचारून आलेय."

गोदामवाले मामा दिवसभर खोक्यांमध्ये एकटे बसत. ते कोणाशी आपणहून बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"मामा काय म्हणाले?" साहेबांना खरंच उत्सुकता होती.

"म्हणाले, बोलायचं नसेल तर बस. बोलायचं असेल तर वर जा."

साहेब हसले. मग निर्णय सांगितला. दोन दिवस गोदामात, तीन दिवस घरी. ही मुभा आता कागदावर येईल. घरच्या दिवशी खिडकीत टेबलावरचा प्रत्येक जण आळीपाळीने बसेल, काकू सोडून. आणि काकूंना लेखी ताकीद मिळेल. चित्रफितीची एक आणि झाकलेल्या चुकांची एक.

"मला पर्याय नाही, मॅडम," ते म्हणाले. ते खरंही होतं.

बाहेर आल्यावर भिंगरीने कानझाकणं काढून गळ्यात अडकवली. आजूबाजूचे फोन वाजत होते. तिचा चेहरा आक्रसला, तरी तिने ती परत लावली नाहीत.

"काकू, रागावलात?"

"हो."

"किती?"

"ते बघायचं त्राण नाही आज. उद्या सांगते."

"मी त्या दोन चुकांचं नको होतं सांगायला?"

काकूंनी विचार केला. न सांगता मुभा मिळाली असती का? बहुतेक नाही. "सांगायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त आधी मला सांगून मग सांगायचं."

"म्हणजे तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं, तसंच?"

"जा आता खाली. मामा वाट बघत असतील."

"मामा वाट नाही बघत," भिंगरी म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी घरी काकूंनी यजमानांना थोडक्यात सांगितलं. तिला परवानगी मिळाली, मला ताकीद. खिडकी गेली. उद्यापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास उघड उघड झोपेन, तेवढी मुभा आहे.

ते भाजी निवडत होते. हात थांबवून म्हणाले, "मग हे बरं झालं म्हणायचं की वाईट?"

काकू पलंगावर आडव्या झाल्या होत्या. बरं की वाईट हे ठरवायचं तर उठून बसावं लागलं असतं.

"दिवा घालवा," त्या म्हणाल्या.